सोमल, सुई आणि मेंदूची लिपी

जुनी हस्तलिखित पोथी उघडली, की तिच्या पानांवर मधूनमधून पिवळे ठिपके दिसतात. लेखनिकाच्या हातून अक्षर चुकले, तर तो त्यावर हरताळाचा लेप देई आणि लेप वाळला की त्याच जागी बरोबर अक्षर लिही. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तिथूनच आला. हरताळ हे आर्सेनिक आणि गंधक यांचे खनिज. ज्या विषाला आपण सोमल म्हणतो, ते याच आर्सेनिकचे दुसरे रूप.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टरांनी हे आर्सेनिक माणसाच्या शिरेत सोडले. त्यांना रक्तातला एक जुना, भयंकर जंतू पुसायचा होता. लाखो रोग्यांच्या बाबतीत तो पुसला गेला. काही थोड्यांच्या बाबतीत मात्र लेप भलत्या अक्षरांवर पडला. औषध मेंदूत भिनले आणि धडधाकट चालत दवाखान्यात आलेला तरुण दोन दिवसांत बेशुद्ध होऊन गेला. याच दशकांत जर्मनीतल्या येना शहरातल्या एका मनोविकारतज्ज्ञाला कळले होते, की जिवंत मेंदू अखंड काहीतरी लिहीत असतो आणि ते कागदावर उतरवता येते. ही त्या विषाची, त्या लिपीची आणि दोघांच्या गाठभेटीची हकीकत आहे.

*

तो जंतू सिफिलिसचा. हा रोग पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात पसरला आणि व्यापारी जहाजांबरोबर पूर्वेकडे आला. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात भावमिश्र त्याला ‘फिरंग रोग’ म्हणतात. फिरंग्यांच्या संसर्गाने आलेला, म्हणून हे नाव. बोलीत त्याला ‘गरमी’ हे नाव पडले आणि ते कुजबुजतच उच्चारले गेले. भावमिश्रांनी त्यावर रसकापूर, म्हणजे पाऱ्याचे औषध सांगितले. युरोपातले वैद्यही पाराच वापरत. पाऱ्याने दात हलत, तोंडातून लाळ गळे, हिरड्या सडत. चारशे वर्षे माणसे ते सोसत राहिली, कारण दुसरे काही हाताशी नव्हते.

रोगाची चालही फसवी होती. आधी एक न दुखणारा व्रण, मग अंगावर पुरळ, मग सारे शांत. रोगी बरा झालो असे समजे, लग्न करी, संसार थाटी. दहा-पंधरा वर्षांनी त्याचे अक्षर बिघडे, बोलताना जीभ अडखळे, हिशेब चुकत, कधी भव्य भ्रम होत. वेडेपणा, लकवा आणि मृत्यू या क्रमाने पुढचा प्रवास. युरोप-अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत अशा रोग्यांचे कक्षच्या कक्ष भरलेले असत. 1905 मध्ये बर्लिनच्या शारिते इस्पितळात फ्रिट्झ शाउडिन आणि एरिख हॉफमन यांना या रोगाचा जंतू दिसला, फिकट आणि मळसूत्रासारखा वळलेला. पुढच्याच वर्षी आउगुस्ट वासरमान यांची रक्तचाचणी आली. 1913 मध्ये नोगुची आणि मूर यांनी मृत रोग्यांच्या मेंदूतच तो जंतू दाखवला. शत्रू ओळखीचा झाला होता. आता शस्त्र हवे होते.

*

ते शस्त्र फ्रांकफुर्टमध्ये तयार झाले. पाउल एर्लिख यांचे तरुणपण रंगद्रव्यांत गेले होते. काही रंग ठरावीक पेशींनाच चिकटतात, बाकीच्यांना शिवत नाहीत, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षे पाहिले होते. त्यातून त्यांचा विचार पुढे गेला. जंतूला चिकटेल आणि माणसाला सोडून देईल असा रंग असू शकतो, तर तसे विषही असले पाहिजे. या कल्पित औषधाला त्यांनी जादूची गोळी म्हटले.

कच्चा माल म्हणून त्यांनी ॲटॉक्सिल हे आर्सेनिकचे संयुग घेतले. ‘बिनविषारी’ असा या नावाचा अर्थ, पण नाव खोटे ठरले होते. पूर्व आफ्रिकेत निद्रारोगावर ॲटॉक्सिल देताना रॉबर्ट कॉख यांनी मात्रा वाढवली, तेव्हा वीसहून अधिक रोगी कायमचे आंधळे झाले. आर्सेनिक मज्जातंतूंना धरते, ही सूचना तिथेच मिळाली होती. एर्लिख आणि त्यांचे रसायनज्ञ आल्फ्रेड बर्थाईम यांनी ॲटॉक्सिलची खरी रचना शोधली आणि तिच्यात एकेक बदल करत शेकडो संयुगे बनवली. सहाशे सहावे संयुग 1907 मध्येच बनले होते, पण पहिल्या तपासणीत ते निरुपयोगी ठरवून बाजूला पडले. 1909 च्या वसंतात टोकियोहून हाता साहाचिरो आले. सशांमध्ये सिफिलिस रुजवण्याचे तंत्र त्यांना अवगत होते. एर्लिख यांनी त्यांना सारी जुनी संयुगे पहिल्यापासून तपासायला सांगितली. 31 ऑगस्ट 1909 रोजी व्रण असलेल्या सशाला 606 टोचले. दुसऱ्या दिवशी व्रणात जिवंत जंतू सापडेना. तीन आठवड्यांत व्रण भरून आला.

एप्रिल 1910 मध्ये वीसबाडेनच्या परिषदेत हे जाहीर झाले आणि जगभरचे डॉक्टर फ्रांकफुर्टकडे धावले. एर्लिख यांनी औषध विक्रीला काढण्याआधी सुमारे 65,000 कुप्या डॉक्टरांना विनामूल्य दिल्या. अट एकच होती: काय झाले ते कळवा. चांगले झाले ते कळवा आणि वाईट झाले तेही कळवा. वर्षाच्या अखेरीस होक्स्ट कंपनीने ‘साल्वरसान’ या नावाने ते बाजारात आणले. तारणारे आर्सेनिक, असा त्या नावाचा अर्थ.

*

औषध होते पिवळ्या भुकटीच्या रूपात, हवा लागू नये म्हणून काचेच्या कुपीत बंद केलेले. हवा लागली की ते बिघडे आणि अधिक विषारी होई. पाण्यात विरघळवले की द्रावण इतके आम्ल असे, की सोडा घालून ते मोजून-मापून साधावे लागे. सुरुवातीला ते स्नायूत टोचत. वेदना असह्य होत, मांस सडे. मग शिरेतून देणे सुरू झाले. सुई शिरेबाहेर गेली, तर दंडात जाळ उठे. 1912 मध्ये आलेले निओसाल्वरसान सहज विरघळणारे होते, पण ताकदीने थोडे कमी.

मृत्यूच्या बातम्या येऊ लागल्या. काही अपघात चुकीच्या मिश्रणाचे होते, काही अशुद्ध पाण्याचे, काही आधीच जर्जर झालेल्या देहांचे. काही मात्र यांपैकी कशातच बसत नव्हते. एर्लिख प्रत्येक पत्राला उत्तर देत, प्रत्येक दुर्घटनेची तपशीलवार माहिती मागवत. बर्लिनच्या पोलीस खात्यातले डॉक्टर ड्रॉयव्ह यांनी औषधाविरुद्ध मोहीम उघडली. मार्च 1914 मध्ये प्रश्न जर्मन संसदेत गेला. कार्ल वासमान या वृत्तपत्रकाराने आरोप केला, की फ्रांकफुर्टच्या इस्पितळात वेश्यांवर हे औषध बळजबरीने वापरले जाते. जूनमध्ये बदनामीचा खटला चालला, एर्लिख साक्षीला उभे राहिले आणि वासमान यांना एक वर्षाची कैद झाली. एर्लिख यांची प्रकृती आधीच ढासळली होती. ऑगस्ट 1915 मध्ये ते गेले.

न्यायालयाने निकाल दिला, पण त्या आरोपातला एक प्रश्न निकाली निघाला नव्हता. जिला ‘नको’ म्हणण्याची सोय नाही अशा स्त्रीच्या दंडात ही सुई कुणी आणि कुणाच्या हितासाठी खुपसायची? तीस वर्षांनी तो प्रश्न दुसऱ्या देशात पुन्हा उभा राहणार होता.

*

या औषधाच्या सगळ्या दुष्परिणामांत डॉक्टर सर्वांत जास्त घाबरत ते मेंदूच्या विकाराला. कातडी सोलून निघे, कावीळ होई, रक्तातल्या पेशी घटत. पण त्यांची चाहूल आधी लागे. मेंदूचा हल्ला अवचित येई.

त्याचे चित्र ठरलेले होते. पहिली सुई निर्वेध जाई. दुसरी किंवा तिसरी घेऊन रोगी घरी जाई. दोन-तीन दिवसांनी डोके ठणकू लागे, उलट्या होत, चेहरा लाल होई. रोगी अस्वस्थ होई, असंबद्ध बोले, जवळच्यांना ओळखेनासा होई. मग फिट येई, तिच्यामागे दुसरी, तिसरी, आणि फिटांच्या मधली शुद्ध हरपत जाई. कित्येकदा एक-दोन दिवसांत सारे संपे. यातले बहुतेक रोगी तरुण आणि बळकट होते. रोग नुकताच सुरू झालेला, लवकर उपचार घ्यायला आलेले शहाणे लोक ते.

शवविच्छेदनात मेंदू सुजलेला दिसे. कापला की आतल्या पांढऱ्या भागात टाचणीच्या टोकाएवढे असंख्य लाल ठिपके. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी एक बारीक रक्तवाहिनी आणि तिच्याभोवती पाझरलेल्या रक्ताचे कडे. म्हणून याला ‘रक्तस्रावी मेंदूदाह’ म्हणू लागले. नाव पुरते बरोबर नव्हते, कारण दाहाची नेहमीची खूण, म्हणजे पू पेशींची गर्दी, तिथे फारशी नसे. हा विषाचा सरळ प्रहार की शरीराची औषधावरची चिडलेली प्रतिक्रिया, यावर वैद्यकात अनेक वर्षे वाद चालला.

डॉक्टरांच्या हाती होते ते कंबरेतून पाणी काढणे, ॲड्रेनलिन टोचणे, फिट दाबण्यासाठी गुंगीचे औषध देणे, आणि वाट पाहणे. कवटीच्या आत नेमके काय चालले आहे, हे रोगी जिवंत असेपर्यंत त्यांना दिसत नव्हते. मेंदूने बोलणे थांबवले की बाहेरचा माणूस आंधळा होई.

*

मेंदूचे ते बोलणे ऐकण्याचा ध्यास येनाच्या हान्स बर्गर यांनी घेतला होता. तरुणपणी लष्करी सेवेत असताना ते घोड्यावरून तोफगाड्याच्या वाटेत पडले आणि थोडक्यात वाचले. त्याच संध्याकाळी वडिलांची तार आली, कारण दूर असलेल्या बहिणीला भाऊ संकटात आहे असे तीव्रतेने जाणवले होते. मनाची शक्ती देहाबाहेर जाते, याचा बर्गर यांना ध्यास लागला आणि त्या शक्तीचा माग काढण्यासाठी ते मनोविकारशास्त्रात शिरले. विचारसंक्रमण त्यांना कधीच सापडले नाही. सापडले ते वेगळेच होते.

6 जुलै 1924 रोजी शस्त्रक्रियेमुळे कवटीचे हाड काढलेल्या एका 17 वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर त्यांनी इलेक्ट्रोड लावले आणि गॅल्व्हानोमीटरमध्ये सूक्ष्म थरथर दिसली. त्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. ही स्नायूंची हालचाल असेल, नाडीचा ठोका असेल, यंत्राचा दोष असेल, अशा शंका काढत त्यांनी पाच वर्षे लोटली. मुलगा क्लाउस याच्या डोक्यावरून त्यांनी कित्येकदा नोंदी घेतल्या. 1929 मध्ये पहिला निबंध छापला. डोळे मिटून शांत पडलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला सुमारे दहा या गतीने एक नियमित लाट उमटते, आणि डोळे उघडताच ती विरते. तिला त्यांनी अल्फा हे नाव दिले. तिची उंची काही दशलक्षांश व्होल्ट, म्हणजे घरातल्या बॅटरीच्या मानाने जवळजवळ शून्य. बर्गर हे विज्ञानाच्या इतिहासातले निर्मळ पात्र नव्हे. नाझी राजवटीत नसबंदीचे निकाल देणाऱ्या आनुवंशिकता न्यायालयाच्या कामात ते सहभागी होते. त्यांच्या शोधाबद्दल लिहिताना हेही लिहिले पाहिजे.

पाच वर्षे त्यांच्याकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही. 1934 मध्ये केंब्रिजच्या एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी एड्रियन यांच्याच डोक्यावर हा प्रयोग शास्त्रज्ञांसमोर करून दाखवला, तेव्हा शंका मिटली. 1935 मध्ये बोस्टनमध्ये फ्रेडरिक गिब्ज, हॅलोवेल डेव्हिस आणि विल्यम लेनॉक्स यांनी फिट आणि बेशुद्धी या दोन्ही अवस्थांतले आलेख काढले. शुद्ध मंदावली की लाटाही मंदावतात, हे त्यांना दिसले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ग्रे वॉल्टर यांनी मेंदूतल्या गाठीच्या आसपासच्या जागेतून येणाऱ्या संथ लाटा ओळखल्या आणि त्यांना डेल्टा म्हटले. सेकंदाला चाराहून कमी, उंच आणि जड. जागृत प्रौढ माणसाच्या मेंदूत त्या दिसायला नकोत. शाईच्या लेखण्या, सरकता लांब कागद आणि बाहेरच्या विजेपासून राखलेली खोली असा सरंजाम हळूहळू मोठ्या इस्पितळांत पोचला.

*

अमेरिकेत दरम्यान वेगळीच घाई सुरू झाली होती. सिफिलिसचा शिरस्त्याचा उपचार म्हणजे आठवड्याला एक सुई, आधी काही आठवडे आर्सेनिक, मग बिस्मथ, पुन्हा आर्सेनिक. असा क्रम सुमारे दीड वर्ष चाले. गरीब कामगाराला दर आठवड्याला रजा कोण देणार? बहुतेक रोगी पुरळ गेले की येणे सोडत आणि अर्धवट मारलेला जंतू त्यांच्या देहात तसाच राही. 1936 मध्ये सर्जन जनरल, म्हणजे देशाचे प्रमुख आरोग्य अधिकारी, झालेल्या थॉमस पॅरन यांनी या रोगाचे नाव उघडपणे उच्चारायला देशाला भाग पाडले. उपचार लवकर संपला पाहिजे, हे सर्वांना पटले होते.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इस्पितळात हॅरॉल्ड हायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच एक निरीक्षण नोंदवले होते. शिरेतून औषध झपाट्याने दिले तर जो धक्का बसतो, तो थेंबाथेंबाने दिल्यास टळतो. मग दीड वर्षाची मात्रा पाच दिवसांत का देऊ नये? 1933 मध्ये लुई चार्गिन, विल्यम लायफर आणि हायमन यांनी रोग्यांना खाटेवर झोपवून तासन्‌तास ठिबक लावली. नंतर निओसाल्वरसानऐवजी मॅफारसेन हे नवे औषध आले. साल्वरसानचा जो भाग शरीरात जाऊन खऱ्या अर्थाने काम करतो, तोच यात थेट होता. पाच दिवसांत एकूण 1200 मिलिग्रॅम दिले जाई. सोमवारी आलेला रोगी शनिवारी बरा होऊन घरी जाऊ शकत होता.

युद्ध आले आणि या उपचाराला राष्ट्रीय महत्त्व मिळाले. 1942 नंतर सरकारी पैशातून ‘शीघ्र उपचार केंद्रे’ उघडली गेली, काही तर ओस पडलेल्या कामगार छावण्यांत. लष्करी छावण्यांजवळच्या गावांतून पकडून आणलेल्या स्त्रियाही तिथे ठेवल्या जात. फ्रांकफुर्टच्या न्यायालयातला प्रश्न आता या खाटांभोवती घुटमळत होता.

मात्रा घट्ट केली, तशी मेंदूची इजाही घट्ट झाली. साध्या साप्ताहिक उपचारात विरळ असलेला हा विकार पाच दिवसांच्या उपचारात शंभरातल्या साधारण एका रोग्याला होऊ लागला. वेळही ठरल्यासारखी असे: ठिबकीचे शेवटचे दिवस किंवा त्यानंतरचे दोन-तीन दिवस. पूर्वी घरी, नजरेआड होणारी गोष्ट आता इस्पितळाच्या खाटेवर, नर्सच्या डोळ्यांसमोर होऊ लागली. आणि त्याच इमारतीत कुठेतरी मेंदूची लिपी टिपणारे यंत्र होते.

*

अशा रोग्यांच्या डोक्यावर आता इलेक्ट्रोड लागले. फिट आणि धडपड यांमधल्या शांत वेळात तंत्रज्ञ लेप लावून तारा चिकटवी, रोग्याचे डोके उशांच्या आधाराने स्थिर करी. कागद सरकू लागे. सेकंदाला दहाची ती परिचित, टाक्यांसारखी एकसारखी लाट तिथे नसे. तिच्या जागी दोन्ही बाजूंना, पुढे-मागे सर्वत्र, उंच आणि संथ लाटा उमटत. जणू समुद्रावरचा दुपारचा बारीक तरंग जाऊन वादळानंतरचे जड, लांब पाणी आले आहे.

या आलेखांतून तीन गोष्टी शिकण्यासारख्या होत्या. पहिली, विकार पसरलेला आहे. गाठीसारखा तो एका कोपऱ्यात नाही, सारा मेंदू एकदम मंदावला आहे. दुसरी, लाटांची मंदी आणि शुद्धीची मंदी बरोबरीने चालते. 1944 मध्ये जॉन रोमानो आणि जॉर्ज एंगेल यांनी निरनिराळ्या कारणांनी झालेल्या भ्रमाच्या रोग्यांचे आलेख तपासून हेच मांडले: रोगी जितका भानावरून सुटलेला, तितका आलेख संथ. कारण बदलले तरी हे नाते तेच राहते. म्हणजे कागद आर्सेनिकचे नाव सांगत नव्हता. साखर घटली, प्राणवायू कमी पडला, यकृत निकामी झाले, तरी मेंदू जवळपास याच अक्षरात लिहितो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. संथ लाट परत वेगवान होऊ शकते. रोमानो आणि एंगेल यांच्या रोग्यांत शुद्ध परतली की लाटाही आपल्या गतीवर येत. मेलेली पेशी लिहू शकत नाही. मंद का होईना, पण जी लिहिते ती जिवंत आहे आणि उपाशी आहे. शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसणारे लाल ठिपके ही हकीकतीची अखेर होती. कागदावर दिसत होता तो मधला भाग, जिथून माणूस अजून मागे फिरू शकतो.

*

मेंदू उपाशी का राहतो, याचे उत्तर ऑक्सफर्डमध्ये कबुतरांनी दिले होते.

रूडॉल्फ पीटर्स हे ब जीवनसत्त्वावर काम करत. कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कबुतरांची मान मागे ताठ वळे आणि ती मरत. पण त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ निरोगी दिसे. पीटर्स यांनी त्या मेंदूचे तुकडे काचेच्या भांड्यात ठेवून मोजले, तेव्हा कळले की ते पुरेसा प्राणवायू वापरत नाहीत. साखर जळण्याच्या वाटेवर पायरुव्हेट या मधल्या पदार्थापाशी अडते. त्याच भांड्यात जीवनसत्त्व टाकले की गाडी पुन्हा चालू लागते. 1931 मध्ये त्यांनी यासाठी एक शब्द बनवला: ‘जैवरासायनिक इजा’. डोळ्यांना दिसणारी मोडतोड होण्याआधीची इजा. संथ लाटांचे स्पष्टीकरण लाटांच्याही आधी तयार होते.

1939 मध्ये युद्ध सुरू झाले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत तयार झालेला ल्युईसाइट हा आर्सेनिकयुक्त विषारी वायू या वेळी वापरला जाईल, अशी भीती होती. पीटर्स यांच्याकडे उताऱ्याचे काम आले. त्यांना दिसले, की आर्सेनिक नेमके त्याच जागी अडसर घालते, पायरुव्हेट जाळणाऱ्या यंत्रणेत. प्रथिनांतल्या गंधकाच्या दोन शेजारी हातांना आर्सेनिक एकाच वेळी पकडते आणि सोडत नाही. मग त्याच्यापुढे गंधकाचे असेच दोन शेजारी हात असलेला छोटा रेणू धरला, तर तो प्रथिनाला सोडून त्याला धरील. लॉइड स्टॉकन आणि रॉबर्ट थॉम्पसन यांनी 1940 मध्ये तो रेणू बनवला. त्याचे नाव ब्रिटिश अँटी-ल्युईसाइट, थोडक्यात बाल.

हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांची जन्मजात जवळीक. पोथीतल्या पिवळ्या लेपात जे नाते आहे, त्याच नात्याचा पीटर्स यांनी विषाला बाहेर ओढण्यासाठी उपयोग केला.

ल्युईसाइट रणांगणावर आलाच नाही. उतारा मात्र दवाखान्यात आला. शेंगदाण्याच्या तेलात मिसळलेले, लसणासारखा उग्र वास येणारे हे औषध सिफिलिसच्या उपचारात आर्सेनिक बाधलेल्या रोग्यांच्या मांसात खोलवर टोचले जाऊ लागले. 1945 च्या अखेरीस ‘नेचर’मध्ये शोध जाहीर झाला. 1946 मध्ये अमेरिकेतल्या हॅरी ईगल आणि हॅरॉल्ड मॅग्नसन यांनी आर्सेनिकबाधेच्या 227 रोग्यांचा वृत्तान्त छापला. त्यात मेंदूचा विकार झालेलेही होते आणि लवकर औषध मिळालेल्यांपैकी बरेच जण शुद्धीवर येऊन घरी गेले. छत्तीस वर्षे डॉक्टर ज्या खाटेशेजारी हात बांधून उभे होते, तिथे आता त्यांच्या हातात काहीतरी होते.

*

उतारा आला आणि विषाची गरजच संपली. 1943 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवर जॉन महोनी यांनी सिफिलिस झालेल्या चार रोग्यांना पेनिसिलिन दिले: दर चार तासांनी एक सुई, आठ दिवस. चौघांच्याही व्रणांतून जंतू नाहीसे झाले. दशक संपेपर्यंत पिवळी भुकटी कपाटातून गेली, शीघ्र उपचार केंद्रांना कुलपे लागली आणि संथ लाटांचे ते कागद फायलींत बंद झाले.

पण आर्सेनिकची गोष्ट आफ्रिकेत पुढे चालू राहिली. 1949 मध्ये स्विस डॉक्टर अर्न्स्ट फ्रीडहाइम यांनी आर्सेनिकला बालशीच जोडून मेलार्सोप्रॉल हे औषध केले. निद्रारोगाचा जंतू मेंदूत शिरला, की गावागावांत तेच टोचत. त्यामुळे शंभरातल्या पाच ते दहा रोग्यांना तोच जुना मेंदूविकार होई आणि त्यांतले जवळजवळ निम्मे दगावत. बराच काळ दुसरा पर्याय नव्हता, म्हणून अनेक दशके हे चालले. तोंडाने घ्यायच्या फेक्सिनिडाझोलच्या गोळीला 2018 मध्ये युरोपीय औषधसंस्थेने अनुकूल मत दिले, तेव्हा तिथली सुई आणखी मागे हटू लागली. फ्रांकफुर्टमध्ये ज्या रोगाच्या औषधापासून एर्लिख यांनी सुरुवात केली होती, त्याच रोगाच्या रोग्यांनी आर्सेनिकची किंमत सर्वांत जास्त काळ मोजली.

साल्वरसानने किती घरे वाचवली याची गणती नाही. त्या औषधाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. लिहितो ते शंभरातल्या त्या एकासाठी. त्याच्या डोक्यावर तारा लावून कुणीतरी कागद सरकवला, आणि बेशुद्ध माणसाला मेलेला समजू नये हे शिकायला वैद्यकाला मदत झाली. आज अतिदक्षता विभागात बेशुद्ध रोग्याच्या उशाशी मेंदूच्या लाटा सरकत असतात, तेव्हा अशाच विस्मृत खाटांवरचे शहाणपण तिथे कामाला येते.

पोथीतला हरताळाचा ठिपका जवळून पाहिला, तर लेपाखालचे चुकलेले अक्षर पुसट दिसत राहते. लेखनिकाला पान फाडून टाकता आले असते. त्याने ते ठेवले आणि चूक कुठे झाली, हे पुढच्या वाचणाऱ्याला कळू दिले. डॉक्टरांनो, वाईट झाले तेही कळवा, असे फ्रांकफुर्टहून लिहिणाऱ्या एर्लिख यांनी हेच मागितले होते. फायलींतल्या त्या संथ लाटा म्हणजे त्या पत्राला, तीस वर्षांनी, रोग्यांच्या मेंदूंनी आपल्या अक्षरात दिलेले उत्तर आहे.